मागच्या चाकाचे पस्तीस ग्रॅम

गेलं वर्षभर आमच्या घरात सोनाराच्या दुकानासारखा ग्रॅमचा हिशेब चालू आहे. थोरली लेक सायकल शर्यतींच्या नादाला लागली, तेव्हापासून सीट किती ग्रॅमचं, पेडल किती ग्रॅमचं, हेच ऐकतो आहे. तिच्या वाढदिवसाला मीही हौसेने हलक्या ट्यूबांची जोडी आणली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साधी ट्यूब १०५ ग्रॅम भरली, नवी ७०. चाकामागे ३५ ग्रॅम वाचले, म्हणून बाप खूश!

दुसऱ्याच रविवारी सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. जांबोटी रस्त्यावर तिचं मागचं चाक बसलं होतं. तिच्या मोबाईलला रेंज नव्हती, एका दूधवाल्याच्या फोनला तेवढी होती. स्कूटर काढून मी पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. तो भला माणूस कॅन तसेच ठेवून थांबला होता. "हुडुगी ओब्बाकी अदाळ, अदक्क निंतेन्री," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

लेक घाबरली नव्हती, खजील झाली होती. पिशवीत जादा ट्यूब होती, पंपही होता. "बाबा, मागचं चाक निघालंच नाही," ती म्हणाली. दोन्ही हात वंगणाने काळे झाले होते. मीही खटपट करून पाहिली. माझी एम.ए.ची पदवी त्या चेनपुढे काही चालली नाही.

संध्याकाळी आमच्या पंक्चरवाल्या मामांनी ती ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली. शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. "हा काटा नव्हे. गाळी एष्ट हाकीरी, सर?" हवा भरून तीन दिवस झाले होते. मामा हसले.

त्यांनी सांगितलं ते असं. रबर जितकं पातळ, तितकी हवा लवकर झिरपते. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं, की टायर आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि दोन ठिकाणी फाटते. सायकलस्वाराचा जास्त भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे हा मार तिथेच अधिक बसतो. शिवाय, मामांच्या शब्दांत, "पुढचं चाक खिळा उभा करतं, मागचं चाक तो खातं."

मग ते ३५ ग्रॅम वाचवून मिळालं काय? आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट मोजायचं, म्हणजे ७० ग्रॅम. लेक आणि सायकल मिळून ६५ किलो. हजारात एक भाग! घाट चढताना तर दुप्पटही नाही, वाचतात ते ३५ ग्रॅमच. अडीच मोठे चमचे पाणी. आणि ती तर बाटल्या भरभरून नेते.

याचा अर्थ हलकी ट्यूब वाईट असा मुळीच नाही. शर्यतीच्या दिवशी, चांगल्या रस्त्यावर, सकाळीच हवा तपासलेली असेल तर ती जरूर घालावी. पुढच्या चाकालाही चालते, कारण तिथे भार कमी आणि चाक काढणं सोपं. लॅटेक्सच्या ट्यूबा मऊ पळतात, पण त्यांत रोज हवा भरावी लागते. हल्ली टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकच्या ट्यूबा निघाल्या आहेत. काही तर ४० ग्रॅमच्याही आत भरतात. मात्र त्यांना आपलं नेहमीचं सोल्यूशन आणि रबरी ठिगळ चालत नाही, ठिगळही त्यांचंच लागतं. घडी काडेपेटीहून फार मोठी होत नाही, म्हणून पिशवीत जादा ठेवायला तीच उत्तम.

ट्यूब कोणतीही घ्या, आधी टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. २८-६२२ असं असेल तर २८ मिलिमीटर रुंदी आणि ६२२ हा टायरच्या आतल्या कडेचा व्यास. आजोबांच्या २८ इंची सायकलचा तो आकडा ६३५, म्हणजे ती ट्यूब इथे नको. व्हॉल्व्ह बारीक की जाड, रिमच्या बाहेर पुरेसा येतो का, हेही पाहा.

आता आमच्याकडे पुढे हलकी, मागे साधी १०५ ग्रॅमची आणि पिशवीत टीपीयूची, अशी वाटणी झाली आहे. पण खरी चूक ट्यूबेची नव्हती. मी लेकीला महागाची वस्तू आणून दिली आणि चाक काढायला कुणी शिकवलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिला एकटीला घरी परत आणणार होतं ते कसब, ट्यूबेचं वजन नव्हे.

ते कसब मामांनी आम्हा दोघांना फुकट शिकवलं. चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणायची, ब्रेक सैल करायचा, गिअरचा दांडा मागे ओढून धरायचा. चाक अलगद खाली येतं. नवी ट्यूब घालण्यापूर्वी तिच्यात थोडी हवा भरायची आणि टायर शेवटी अंगठ्यांनीच बसवायचा, लिव्हर लावली की ट्यूब चिमटलीच म्हणून समजा.

लेक आता हे सगळं नऊ मिनिटांत करते. मला अजून पंचवीस लागतात. ती घड्याळ घेऊन समोर बसते आणि हसते.