टाकाऊ स्फोटकांचे वय

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला. सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. माल वापरातून बाद झाला होता, त्यातली ताकद नव्हे.

संशोधन प्रयोगशाळांतल्या कचऱ्याचेही तसेच आहे, प्रमाण लहान इतकेच. पिक्रिक आम्ल पाण्याने भिजलेले असेपर्यंत बरेच सुरक्षित. झाकणाच्या आट्यांत सुकले, की ते फिरवतानाचे घर्षणही स्फोटाला पुरते. उघडलेल्या ईथरमध्ये हवेमुळे पेरॉक्साइड साचत जातात. म्हणून तपासनीसाने आधी बाटलीवरची तारीख पाहावी आणि स्फटिक दिसले तर हात न लावता तज्ज्ञांना बोलवावे. उत्साहाने झाकण उघडणारा तपासनीस कुणालाच नको!

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही. नोंदीही तपासणीसाठी ठेवाव्या लागतात. प्रत्यक्षात कुलूप, फलक आणि अग्निशामक पाहिले की तपासणी उरकते. कपाटाच्या मागच्या रांगेतली, निवृत्त प्राध्यापकाने ठेवून दिलेली, लेबल पुसलेली बाटली नोंदवहीत नसतेच. तपासणी त्या रांगेपासून सुरू करावी.