मुक्त म्हणजे बेवारस नव्हे

मुक्त आज्ञावलींविषयी आपल्या साहित्यवर्तुळात एक सोयीस्कर समज रुजला आहे : जे मुक्त ते विनामालक, आणि त्यावरची स्वामित्वहक्काची ओळ हा निव्वळ उपचार. त्यातही ती आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्राची नक्कल करणारी असली, तर ‘नकलाकाराला कसला आला हक्क?’ असा प्रश्न तयारच असतो. हा समज अज्ञानापेक्षा आळसातून आला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘बॉक्स’ हा संगणकाचीच नक्कल करणारा मुक्त प्रकल्प. त्यात वापरल्या जाणाऱ्या व्हीजीए बायॉसमध्ये एका ठरावीक जागी ‘आयबीएम’ ही तीन अक्षरे आहेत. कारण काही जुन्या आज्ञावल्या तिथे तीच अक्षरे शोधतात. पडद्यावर मात्र नाव उमटते ते त्या बायॉसचे आणि त्याच्या एलजीपीएल परवान्याचे. पहिले नाव किल्ली आहे, दुसरे कर्तृत्व.

हा भेद न्यायालयांनाही करावा लागला. फ्रँकलिनने ॲपलच्या आज्ञावल्या जशाच्या तशा उचलल्या. त्यांत ॲपलच्या आज्ञावलीकाराचे नावही तसेच राहिले होते. १९८३ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. उलट ‘सेगा’च्या यंत्रात खेळ चालण्यासाठी ‘सेगा’ ही अक्षरे लिहिणे भागच होते. त्यामुळे पडद्यावर उमटणाऱ्या खोट्या परवाना-सूचनेचा दोष १९९२ मध्ये न्यायालयाने ॲकोलेडला दिला नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यातही, १९९९ च्या दुरुस्तीनंतर, दोन आज्ञावल्या एकमेकींशी जुळवण्यापुरती माहिती शोधण्याची मुभा आहे.

मराठीच्या अभ्यासकाला तरी हे नवे वाटू नये. ‘तुका म्हणे’ ही मुद्रिका लावून किती अनामिकांनी आपले अभंग गाथ्यात घुसवले! तिथे किल्लीने कर्त्यालाच गिळले. आणि शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनी, तीत पदरची ओवी घालू नये, असे बजावले. प्रत सर्वांची, पण कर्तृत्व ज्याचे त्याचे, हाच तो विवेक.

दापोड्याच्या गोदामातले खोकेही चिठ्ठीवाचून मुक्कामी पोहोचत नाही. आम्ही मात्र मुक्त टंक आणि मुक्त आज्ञावल्या विद्यार्थ्यांत वाटताना वरची ओळ बिनदिक्कत खोडतो. ती ओळ राखणे ही परवान्याची एक मूलभूत मागणी असते. नाव पुसले की हे दान कोणी, कोणत्या अटीवर दिले, हेच कळेनासे होते. प्रबंधातल्या उसनवारीवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी निदान एवढी एक ओळ जपावी.