स्त्रीवेषाचे दोन न्याय

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा सीतेची भूमिकाही पुरुषानेच केली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. मधल्या नव्वद वर्षांत काही स्त्री नाटक मंडळ्यांचा अपवाद सोडला, तर प्रतिष्ठित रंगभूमीवरील नायिका म्हणजे पुरुषच होते. ‘कुलीन’ स्त्रीला रंगमंच वर्ज्य होता म्हणून स्त्रीपार्टी जन्माला आला, हे कौतुकाच्या भरात सहसा विसरले जाते.

या परंपरेचे शिखर म्हणजे बालगंधर्व. १९०५ मध्ये शकुंतलेच्या वेषात किर्लोस्कर मंडळीत उभा राहिलेला हा नट पुढे भामिनी झाला, सिंधू झाला. त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत. उंची शालू आणि अत्तरे यांपायी मंडळी कर्जात बुडाली. तरीही तिच्या मालकाविषयीचा आदर उणावला नाही. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. हा गौरव यथायोग्यच होता.

परंतु स्त्रीवेष आणि स्त्रीसारखी चाल घेऊन दुसराही एक नट महाराष्ट्रात उभा होता: तमाशाच्या फडातला नाच्या. पवळाबाईंच्या काळापासून तमाशात स्त्रिया आल्या, तरी नाच्या गेला नाही. गवळणीतली मावशी तोच आणि कृष्णाशी हुज्जत घालणाराही तोच. बोर्डावरून उतरल्यावर मात्र त्याच्या वाट्याला शीळ आणि शिवी आली. वेष एकच, पण एकाचा प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीत बसणारा पांढरपेशा होता आणि दुसऱ्याचा जत्रेत जमिनीवर बसणारा शेतकरी-कामकरी. न्यायातील फरक येथून निघाला. जातीची उतरंडही त्यात होतीच.

मराठी चित्रपटांत नाच्या अजरामर करणाऱ्या गणपत पाटलांना त्या भूमिकेचा शिक्का जन्मभर पुरला आणि त्याची झळ कुटुंबालाही लागली. त्यांचे चाहते आजही बचाव करतात तो असा, की ते तर संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते! हेतू चांगला, पण बचाव घातक आहे. ‘तो तसा नव्हता’ असे म्हणताना ‘तसा’ असणे हा गुन्हा आहे, हे आपण मान्य करून बसतो. जे खरोखर तसे आहेत त्यांना मग कोणाच्या दारात उभे राहायचे? बालगंधर्वांविषयी हा प्रश्न सभ्य समाजाने चारचौघांत विचारला नाही. नाच्याला तो रोज विचारला.

गुन्हा हा शब्द येथे केवळ अलंकार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानात, सरकारी नोंदवहीत चढवलेल्या हिजड्यांना स्त्रीवेषात सार्वजनिक जागी दिसण्याबद्दल, नाचण्या-गाण्याबद्दल तुरुंगवास ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाला व्यक्तीची लिंगओळख तिने स्वतः ठरवावी, हे सांगायला १५ एप्रिल २०१४ उजाडावे लागले. पण कागदावरचा हक्क फडाच्या राहुटीपर्यंत आपोआप चालत जात नसतो.

त्या राहुटीत हिशेब वेगळाच असतो. हंगामापूर्वी मालकाकडून उचल घ्यायची, आजारपणात आणि मुलीच्या लग्नात ती फुगवायची आणि ती फिटेपर्यंत त्याच फडात नाचायचे. ज्या नाच्याला गावात दुसरे कोणी काम देत नाही, त्याची घासाघीस करण्याची ताकद सर्वांत कमी. अवहेलना ही अशी मजुरीतही उतरते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. तेथे जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी एवढेच विचारावे: उचलीचा लेखी कागद कलावंताच्या हाती असतो का, आणि त्यावर नाच्याचे नाव, त्याला हवे तसे, लिहिलेले असते का?