गुडघ्याचा दोर तुटला तर हयगय नको, घाईही नको



या पानावर लागण, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांबद्दल आम्ही नेहमी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तोही शेतीचाच आहे. कारण पीक शेवटी माणसाच्या पायावर उभे असते. गटागटातून फिरताना असा एखादा तरणा पोरगा भेटतोच, जो जत्रेतल्या कबड्डीत गुडघा दुखवून बसला आणि आता "पाय निसटतोय" म्हणून सरीत उतरायला कचरतो. आमचे मत असे की, असले गुडघे नुसत्या दुखापतीने वाया जात नाहीत. आधीची हयगय आणि नंतरची घाई, या दोन गोष्टी ते वाया घालवतात.

गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांवर आलेले दोन दोर असतात. त्यातला पुढचा दोर, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा स्थिर ठेवतो. तो तुटायला दर वेळी कुणाचा धक्का लागतोच असे नाही. पळता पळता गपकन थांबणे, पाय रोवून अंग फिरवणे, उडी मारून वाकडे उतरणे, एवढ्यानेही तो तुटतो. चढाई करणारा गडी हेच तर करत असतो! आतून 'कट्' असा आवाज येतो, काही तासांत गुडघा टम्म फुगतो. सूज उतरल्यावर सरळ चालता येते, म्हणून माणूस म्हणतो, "बरं झालं की." पण बांधावरून वळताना गुडघा दगा देतो.

पहिली हयगय इथेच होते. गुडघा फुगला की चोळणारा गाठायचा, कडकडीत शेक द्यायचा, ओढून 'बसवून' घ्यायचा. बंधूंनो, तुटलेला दोर चोळून जुळत नाही, उलट सूज वाढते. पहिले दोन दिवस विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे थांबून थांबून लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. पाय टेकवतच नसेल, गुडघा अडकून बसला असेल, किंवा पाऊल गार वा बधिर पडले असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी चूक एक्स-रेची. "फोटोत काही नाही" म्हटले की घरचे निर्धास्त होतात. पण एक्स-रेत हाड दिसते, दोर दिसत नाही. हाडांचे जाणते डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात. या लॅकमन तपासणीत दोर ढिला आहे का ते हाताला कळते. ताज्या सुजेत ती नीट होत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवणे आवश्यक असते. गरज वाटल्यास डॉक्टर एमआरआय सांगतात. त्यात आतली गादीही फाटली आहे का ते समजते.

आता ऑपरेशनचा प्रश्न. कुणी म्हणतो, "कापाकापी नकोच," तर कुणी म्हणतो, "उद्याच करून टाकू." दोन्ही टोके बरोबर नाहीत. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांचे ऑपरेशन लगेच केले, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि लागेल त्याचेच ऑपरेशन पुढे केले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. उलट इंग्लंडमध्ये दुखापत जुनी होऊन गुडघा निसटत राहिलेल्या ३१६ जणांचा अभ्यास २०२२ साली आला. त्यात ऑपरेशनवाल्यांचे बरे चालले. याचा अर्थ साधा आहे. नुसते सरळ चालण्याचे काम असणाऱ्याचे व्यायामावर भागू शकते. ज्याला पुन्हा मैदानात उतरायचे आहे किंवा ज्याचा गुडघा वारंवार निसटतो, त्याने ऑपरेशन टाळत बसू नये, कारण प्रत्येक निसटण्याबरोबर आतली गादी घासते, फाटते आणि पुढे संधिवात मागे लागतो.

ऑपरेशनात तुटलेला दोर सहसा शिवत नाहीत. आपल्याच मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची शिर घेऊन नवा दोर बसवतात. ही एक लागणच समजा. कांडी पुरली म्हणजे ऊस आला असे आपण म्हणत नाही. बसवलेला दोरही आधी काही महिने कमकुवत होतो, मग त्यात रक्तपुरवठा येतो आणि तो धरतो. नेमके याच दिवसांत दुखणे थांबलेले असते, आणि पोरगं म्हणतंय, "आता काय होतंय?"

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंचा २०१६ सालचा अभ्यास सांगतो की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानात उतरणे जितके महिने लांबवले, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने कमी झाला. त्याच साली रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट यांना गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्या मे २०१७ मध्ये आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन परतल्या आणि २०१८ साली जकार्त्यात सुवर्णपदक जिंकले. मधले महिने व्यायामाचे होते, हे आपण विसरतो. आधी पाय पूर्ण सरळ होणे, मग मांडीची ताकद, मग तोल, मग पळणे, शेवटी उडी आणि वळणे हा क्रम चुकवू नये. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के झाल्याशिवाय मैदान नाही.

"एवढे दिवस बसवून कसे चालेल?" असे वडीलधारे विचारतात. अडचण खरी आहे, तोडणी कुणासाठी थांबत नाही. पण बैल लंगडला तर आपण त्याला औताला जुंपतो का? मग पोराला घाईने का जुंपावे? त्याला हिशेबाची वही द्या, ठिबकचे कॉक बघायला सांगा, ट्रॅक्टरवर चढ-उतर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

जत्रा-उरुसाच्या संयोजकांनाही सांगणे आहे. बक्षिसाची रक्कम वाढवता, ते चांगलेच. पण सामन्याआधी वीस मिनिटे नीट अंग गरम करणे, उतरणे आणि वळणे यांचा सराव सक्तीचा करा. मुलींच्या संघांना तो जास्तच हवा, कारण अशा खेळांत ही दुखापत मुलींना अधिक होते. आणि गुडघा धरून बसलेल्या गड्याला "एक चढाई मार" म्हणून पुन्हा आत ढकलू नका.

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. मुंगीला तिच्या चालीने जाऊ द्यावे, एवढीच सर्व सभासदांना आमची विनंती.