गृहिणी होण्यासाठीही घर लागते

पुरोगामी चळवळीत ‘गृहिणी’ या शब्दाला फारसा मान नाही. त्यातून ती श्रद्धाळू असेल, आपल्या पंथाचे नियम कसोशीने पाळणारी असेल, तर कार्यकर्ता तिला प्रतिगाम्यांच्या खाती मांडतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. जुन्या वळणाच्या ख्रिस्ती गृहिणीच्या वाट्याला तर दुहेरी उपेक्षा येते. सकाळ-संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना, रविवारची उपासना, दारूचा तिटकारा, मुलींच्या वागण्याविषयी कडक मते आणि घरामागच्या चार वाफ्यांवर जीव, असे तिचे जग. धर्माचे राजकारण करणारे तिला परकी ठरवतात, पुरोगामी तिला जुनाट समजतात. दोडक्याचा वेल मांडवावर चढवताना ती महागाईचा, शाळेचा, पाण्याचा, दूरच्या लढाईचाही विचार करीत असते आणि तो विचार कधी कधी पक्षाच्या ठरावापेक्षा खोल जातो, ही शक्यता दोघांच्याही ध्यानी येत नाही.

मराठीत याचा पुरावा हाताशी आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) कोणत्याही शाळेत शिकल्या नव्हत्या. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या सोवळेओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरातील स्त्री होत्या आणि नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्यांनी आपले सोवळे टाकले नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मात्र जातिभेद त्यांनी त्याआधीच सोडला होता, आणि हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने केलेली नाही, हे त्यांनी कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, तर स्वतःशीच वाद घालून ठरवले. त्याच काळात सभांतून समतेचा पुरस्कार करणारे कितीतरी विद्वान पंक्तिभेद मोडायला कचरत होते.

टिळकांना मराठी वाचक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. फुलांवर कविता लिहिणाऱ्याच्या घरी पाणी कोण भरीत होते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर समजते. हाती आलेले देऊन टाकणारा नवरा, दाराशी येणारे निराधार जीव आणि या सगळ्यांतून पुन्हा पुन्हा उभा करावा लागणारा संसार! बालकवी ठोंबरेही या घरात राहून गेले. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात या घरच्या चुलीला एखादे पान मिळायला हरकत नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेताना याच बाईंनी चौसष्ट अध्याय लिहिले. लक्ष्मीबाईंना परंपरावादी म्हणावे की बंडखोर, हा प्रश्न समीक्षकांनी हवा तर सोडवावा. त्यांनी संसार सोडला नाही, देव सोडला नाही. जात तेवढी सोडली.

समाजवाद्यांना खरे तर हे नवे वाटू नये. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया स्त्रीमुक्तीचे ग्रंथ वाचून आलेल्या नव्हत्या. देवासमोर दिवा लावून, पोळ्या करून, मुलांना शेजारणीच्या स्वाधीन करून त्या आल्या होत्या. तेल, साखर, रॉकेल हे त्यांचे राजकारण होते. त्यांना कोणी श्रद्धेचा हिशेब विचारला नाही, म्हणूनच त्या आल्या. आज असा मोर्चा निघाला तर चर्चमधून परतणाऱ्या बाईला त्यात बोलावण्याचे कोणाला सुचेल का?

सुचणार नाही, याला आणखी एक कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगर भागात काम केले. तेथे ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. धर्म बदलला म्हणून वस्ती बदलली नाही, गावची नजरही बदलली नाही. परंतु १९५० च्या अनुसूचित जातींविषयक राष्ट्रपती-आदेशाने हिंदूखेरीज इतर धर्म स्वीकारणाऱ्याला या यादीतून वगळले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले; ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. सूसाई या मद्रासच्या ख्रिस्ती चर्मकाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती १९८५ साली फेटाळली गेली. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. तिचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २०२२ साली न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. चर्चमध्येही जात शिल्लक आहे, तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीही वेगळ्या आहेत, हे खरे. पण मग जात शिल्लक आहे हेच त्यातून सिद्ध होत नाही काय? प्रार्थना बदलल्याबद्दल सरकार दंड वसूल करते आणि त्यावर पक्षाच्या व्यासपीठांवरून क्वचितच कोणी बोलते. ज्यांच्यावरील अन्यायाविषयी मौन पाळले, त्यांच्या घरातील बाई आपल्या सभेला का येत नाही, असे विचारण्यात अर्थ नाही.

तरीही तिचे सर्वच म्हणणे मान्य करावे, असा याचा अर्थ नव्हे. स्त्रीचे स्थान घरात आहे आणि ते देवाने नेमून दिले आहे, हे तिचे मत तपासलेच पाहिजे. ते तपासायला पोथ्या उघडण्याची गरज नाही. पाथर्डीची हद्द ओलांडून सिंदफणेच्या खोऱ्यात, शिरूर कासार तालुक्यात ते नेऊन पाहावे. येथील बाईचा धर्म कोणताही असो, परसबाग तिलाही ठाऊक आहे. मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, छपरावर भोपळ्याचा वेल. पावसाळ्यात हे सारे वाढते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते, दाराला कुलूप लागते आणि कोयता ऊसतोडीला निघतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माणसांना हत्याराच्या नावाने मोजण्याची ही पद्धत. पुढचे पाच-सहा महिने संसार कारखान्याच्या तळावरील कोपीत. भोपळा वेलावर वाळतो, अळू करपते. म्हातारी माणसे असतील त्या घरी एखादे झाड जगते. पर्जन्यछायेतील हा मुलूख. उन्हाळ्याच्या तोंडाशी घरी परतल्यावर हंड्याचे पाणी पिण्यासाठी की झाडासाठी, असा प्रश्न पडण्याइतकेही पाणी पुष्कळदा नसते.

घर सांभाळणे हा बाईचा धर्म असेल, तर अर्धे वर्ष तिच्या घराला कुलूप घालणारी व्यवस्था अधर्मी ठरते. हा निष्कर्ष काढायला मार्क्स लागत नाही, बायबल पुरेसे आहे. कामाचा एक दिवस बुडाला की खाडा धरला जातो. पाळीच्या दिवसांतही खाडा नको, आजारपण परवडत नाही, या जाचातून गर्भाशय काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा अशी शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या तेरा हजारांहून अधिक निघाली. मातृत्वाचे पावित्र्य सांगणाऱ्या कोणत्याही धर्माच्या प्रवचनकाराला या आकड्यापुढे स्वस्थ बसता येऊ नये. आणि श्रद्धाळू गृहिणीला तर नाहीच नाही.

तिच्या अंगणात जाऊन बोलायचे ते येथून. ईश्वर आहे की नाही, हा वाद तेथे काढू नये. उचलीची रक्कम नवऱ्याच्या हाती मोजली जाते. कोयत्यातील अर्धी मजुरी बायकोच्या नावे, तिच्या हाती का देत नाहीत, हे विचारावे. हंगामात गावी राहणाऱ्या लेकरांच्या वसतिगृहाचे काय, गावच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे विचारावे. चार वाफे जगवण्यासाठी रोज किती पाणी लागते, याचा नेमका हिशेब तिच्यापाशी असतो. तालुक्याच्या पाणीटंचाईच्या बैठकीत तो मांडायला तिला कोणी बोलावलेले नसते.