जरा अ‍ॅडजस्ट करा!

लोकलमध्ये तीन जणींच्या बाकापाशी चौथी येऊन उभी राहते आणि म्हणते, "जरा अ‍ॅडजस्ट करा." आपण सरकतो. मराठीत हा शब्द असा शिरला आणि घरातच राहिला. लग्न ठरलेल्या मुलीला सगळ्या आत्या-मावश्या हेच सांगतात, थोडं अ‍ॅडजस्ट करायला शीक. जी करत नाही ती हट्टी.

हे आठवायचं कारण म्हणजे ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण.

"तुझं हेच काम ना गं? मग सांग, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणजे काय? मला अ‍ॅडजस्ट करता येत नाही असं लिहिलंय का डॉक्टरांनी?"

दिवाळीत तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. जानेवारीत भावोजींची नोकरी गेली. ताई नोकरी करते, सासूबाईंचं सगळं करते, वर नवऱ्याचा मूडही सांभाळते. महिन्याभरात झोप उडाली, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडायला लागली. शेवटी स्वतःच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली (याबद्दल तिचं कौतुक). तीन आठवडे रजेचं सर्टिफिकेट मिळालं. ते वाचून एचआरच्या बाईंनी विचारलं, "ऑफिसात कुणाशी पटत नाहीये का तुमचं?"

बघा! रोगाचं नाव वाचलं आणि स्वभावाबद्दल मत झालं. ताईने घरी येऊन मराठी शब्द शोधला तर सापडलं 'समायोजन विकृती'. आपल्याकडे विकृत कुणाला म्हणतात ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. हे भाषांतर ज्याने केलं त्याने ते स्वतःच्या आईला वाचून दाखवलं असतं तर बदललं असतं, असं मला वाटतं. असो.

आता माझं काम. मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट वाचते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला कोड देते. लागले तेव्हा नववी आवृत्ती होती, ३०९.२८ वगैरे. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेने दहावी घेतली आणि पाठ केलेलं सगळं विसरावं लागलं. चार्टमधलं काही बाहेर सांगता येत नाही, सांगणारही नाही. पण कामाचा पहिला नियम सांगते. कागदावर नाही ते झालंच नाही. पेशंट कशाने खचलाय ते मला चार ओळींत दिसत असलं तरी डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर मी कोड द्यायचा नाही, उलट विचारायचं.

ताईने केसपेपरचा फोटो पाठवला. त्यावर होतं, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर, एफ ४३.२, एका गोळीचं नाव, दोन आठवड्यांनी या. बस्स. सासूबाई नाहीत, नोकरी नाही, जानेवारी नाही.

आणि इथेच माझं भांडण आहे. ताप कशाने आला ते न लिहिताही ताप हा ताप असतो. हे निदान तसं नाही. याच्या व्याख्येतच कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत सरळ धरलंय की माणसाच्या मूळ प्रकृतीचा भाग असला तरी तो ताण आला नसता तर हा त्रास झाला नसता. त्रास साधारण महिन्याभरात सुरू व्हायला हवा. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात तीन महिने. म्हणजे काय घडलं आणि कधी घडलं हे न लिहिता केलेलं निदान अधांतरी लटकतं. घटना गाळली की उरतं फक्त माणूस आणि डिसऑर्डर. मग एचआरच्या बाईंनी काय वेगळं समजावं?

नुसत्या आकड्यावर विसंबावं तर तीही गंमतच आहे. जागतिक आवृत्तीत एफ ४३.२२ म्हणजे चिंता आणि नैराश्य दोन्ही. अमेरिकन आवृत्तीत त्याच आकड्याचा अर्थ नुसती चिंता, आणि दोन्हीसाठी एफ ४३.२३! आकडा एक, पेशंट दोन.

घटनेसाठी कोड नाहीत असंही नाही. झेडचे कोड त्यासाठीच आहेत. झेड ६३.६ म्हणजे घरात सांभाळावं लागणारं माणूस. झेड ५६ नोकरीच्या अडचणींचा. अमेरिकेत नुसत्या झेडवर विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत, म्हणून पुढे एफ लागतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ठीक आहे, पण मग मागे झेडही लावा ना! तिथल्या नियमांप्रमाणे या माहितीसाठी नर्सने किंवा सोशल वर्करने लिहिलेलंही चालतं. तरी तो रकाना कितीदा रिकामा असतो ते आम्ही रोज बघतो.

डॉक्टरांची बाजू मला कळते. बाहेर पन्नास माणसं बसलेली. शिवाय पेशंटच सांगतात, "घरचं काही लिहू नका हं." बरोबरच आहे. पण ते सर्टिफिकेटबद्दल. ते ऑफिसात फिरतं, त्यावर रोगाचं नाव तरी कशाला? प्रकृतीच्या कारणास्तव तीन आठवडे विश्रांती, एवढं पुरे. केसपेपर वेगळा. तो डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या मधला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय आणि स्वतःचे कागद मिळण्याचाही. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. फिरणाऱ्या कागदावर रोगाचं नाव आणि जपायच्या कागदावर काहीच नाही. उद्या डॉक्टर बदलले तर नवीन डॉक्टर ताईला पहिल्यापासून सगळं सांगायला लावणार, आणि ती पुन्हा रडणार.

मी ताईला सांगितलं, पुढच्या वेळी जाशील तेव्हा म्हण, काय झालं ते दोन ओळींत लिहा. ती बिचकली. डॉक्टरांना कसं सांगायचं? पण सांगितलं. डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं म्हणे, आणि लिहिलं. फोटो आलाय माझ्याकडे. सासूबाईंचं आजारपण नोव्हेंबरपासून, पतीची नोकरी जानेवारीत गेली, त्यानंतर झोप नाही. खाली एफ ४३.२ तसंच. झेड काही त्यांनी लावला नव्हता, तो मी फोनवर सांगितला.

"म्हणजे आमच्या सासूबाईंना पण नंबर आहे?" ताई म्हणाली आणि हसायला लागली. मागून सासूबाईंची हाक आली तसा तिने फोन ठेवला.