सेंटर सोडताना

सेंटर सोडून स्वतःची खोली घेऊ पाहणाऱ्या समुपदेशकांचे फोन आम्हाला वरचेवर येतात. फी किती ठेवू, डिपॉझिट किती मागतात, असे प्रश्न विचारून झाले की शेवटी दबक्या आवाजात खरा प्रश्न येतो: 'माझे क्लायंट मला नेता येतील ना?'

सेंटरचालकही 'आमचे क्लायंट' असंच म्हणतात. पण क्लायंट दोघांपैकी कुणाच्याच मालकीचा नाही. कुणाकडे जायचं, हे त्याचं तो ठरवतो. सोडल्यावर दोन वर्षं याच भागात प्रॅक्टिस करायची नाही, अशी अट काही करारांत असते. व्यवसायाला आडकाठी करणारा करार भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 रद्दबातल ठरवतं, आणि नोकरी संपल्यानंतरच्या अशा अटी न्यायालयांनी सहसा मानलेल्या नाहीत. म्हणून जाता जाता रजिस्टरचे फोटो काढण्याची मुभा मात्र मिळत नाही. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 23 सांगतं. स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क त्याला कलम 25 देतं. तेव्हा फाइल कपाटात राहू द्या. हवी असेल तर क्लायंट स्वतः लेखी मागेल.

कायद्याला न दिसणारी चूक मी केली आहे. सेंटर सोडताना एका बाईंना मी ते शेवटच्या सेशनच्या शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या. नंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत, सेंटरकडेही नाही. लहानपणी घरातलं जवळचं माणूस न सांगता निघून गेलं होतं, ही नोंद त्यांच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात होती. (तपशील बदलले आहेत.)

म्हणून निदान सहा ते आठ आठवडे आधी, प्रत्यक्ष सेशनमध्ये आणि सेंटरप्रमुखांना कल्पना देऊनच सांगा, व्हॉट्सॲपवर नको. पर्याय तिन्ही समोर ठेवा: इथेच दुसऱ्या थेरपिस्टकडे जाणं, तुमच्याकडे येणं किंवा थांबणं. तुमचा कल कुठे आहे हे आवाजातून कळू देऊ नका. राग आला, रडू आलं, तर तेच त्या दिवसाचं काम समजा.

आता हिशेब. समजा, महिन्याला 60 सेशन, फी 1,500 आणि सेंटरचा वाटा 40 टक्के. म्हणजे 36,000 रुपये. हे वाचतील असं वाटतं. पण खोलीचं भाडं, वीज, सफाई, अपॉइंटमेंटचे फोन हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं, आणि पहिले काही महिने 60 सेशन होतच नाहीत. शिवाय त्या 40 टक्क्यांत शेजारची केबिनही होती. जीव द्यायची भाषा करणारा क्लायंट समोर असताना दार लोटून सीनियरला विचारता येत होतं. एकट्याच्या खोलीत ते दार नसतं. वेळेला फोन उचलणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि नियमित सुपरव्हिजन, या दोन गोष्टी जागा बघण्याआधी पक्क्या करा.

पाटी रंगवायला टाकण्यापूर्वी कॅलेंडर उघडा. शेवटच्या दिवसापासून आठ आठवडे मागे मोजा आणि त्या तारखेवर पहिल्या क्लायंटचं नाव लिहा. नवी प्रॅक्टिस त्या दिवशी सुरू होते.